कातरबाई आणि एकेचाळीस चिठ्ठ्या

कातरबाई हे नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं. आमच्या आधीच्या तुकडीकडून ते आयतं मिळालं होतं. नववीत जाण्यापूर्वीच आम्हाला ठाऊक होतं, की या बाई निबंधाचा पहिला परिच्छेद कापतात. लाल शाईची फुली वगैरे नाही, खरोखर कापतात. टेबलाच्या खणातून शिंप्याकडे असते तसली मोठी कातर काढायच्या, पान वहीतून सुटं करायला लावायच्या, वरच्या आठ-दहा ओळी कापून तुमच्याच हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "एवढा वेळ घसा खाकरत होतीस. आता बोल."

माझा परिच्छेद कापला गेला त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. मी कोण, हे सांगायला हवं. शाळेत मला 'बक्षीस' म्हणत. पाचवीपासून निबंधस्पर्धेतलं पहिलं बक्षीस दुसऱ्या कुणी घरी नेलं नव्हतं. माझ्या निबंधात सूर्य कधी साधा उगवत नसे, सोन्याची उधळण करतच उगवे. पक्षी नुसते ओरडत नसत, मंजूळ कूजन करत. असल्या माझ्या सूर्याला या बाईने कातर लावली, म्हणजे अंगाचा तिळपापड होणारच. मी ठरवून टाकलं, की या बाईंना काहीही कळत नाही.

बाई शाळेत उशिरा आल्या होत्या. त्याआधी अकरा वर्षं त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. निमंत्रणपत्रिका, संस्थांचे अहवाल, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना. लोक काय काय लिहितात आणि त्यातलं किती कुणीच वाचत नाही, याचा त्यांना दांडगा अनुभव होता. उंचीने आमच्यातल्या निम्म्यांहून कमी, चष्मा दोरीला अडकवलेला, आणि आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणाराही "हजर" म्हणत उठायचा. लग्न केलं नव्हतं. आजारी आईला सांभाळत राहिल्या, आणि आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. एवढं सगळ्या शाळेला माहीत होतं.

निबंधाचे तास शनिवारी शेवटचे दोन, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होते. बाई वर्गात आल्या की पहिला हुकूम, बाकं समोरासमोर लावा. एकवीस बाकं एकदम फरशीवरून ओढली की खालच्या मजल्यावर मोठ्या सरांच्या डोक्यावर आभाळ कोसळल्यासारखा आवाज व्हायचा. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांनी तीनदा निरोप पाठवला, बाकं उचलून ठेवा. बाईंनी तीनदा उलट निरोप पाठवला, मुलं लिहायला येतात, हमालीला नाही. तेव्हापासून दोघांचं काही जमलं नाही.

बाकं लागली की वह्यांची अदलाबदल. तुमचा निबंध समोरचा वाचणार आणि त्यावर पाव पानाची चिठ्ठी लिहिणार. चिठ्ठीत तीन गोष्टी लिहायच्या. वाचता वाचता कुठे थांबलास, कुठे उडी मारून पुढे गेलास, आणि लिहिणाऱ्याने काय लपवलंय असं तुला वाटतं. खाली स्वतःचं नाव. छान, सुंदर, अप्रतिम हे शब्द बंद. "छान म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं आणि तुमची सुटका होते," बाई म्हणायच्या. "मला तुमची सुटका करायची नाहीये."

आता खरी गंमत सांगते, आणि ती माझ्याच डोक्यातून निघाली होती. छान बंद झालं म्हणून मुलं हवालदिल झाली. समोरच्याचं खरं काय ते लिहावं, तर पुढच्या शनिवारी त्याच्या हातात आपली वही. मी मधल्या सुट्टीत सगळ्यांना जमवलं आणि एक वाक्य देऊन टाकलं. 'मधला भाग थोडा लांबला आहे.' टीका तर होते, लागत कुणालाच नाही, आणि बाईंना वाटतं पोरं मन लावून वाचतात. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या शनिवारी आम्ही खाली मान घालून भराभरा लिहिलं, वर्गात इतकी शांतता की बाईंनी दोनदा चष्मा काढून पुसला.

मग त्या चिठ्ठ्या वाचायला लागल्या. पहिली, मधला भाग थोडा लांबला आहे. दुसरी, मधला भाग थोडा लांबला आहे. चौथ्या-पाचव्या चिठ्ठीपासून बाई फक्त "लांबला... लांबला... लांबला..." म्हणत एकेक कागद टेबलावर टाकत गेल्या. एका चिठ्ठीपाशी थांबल्या. ती होती सातओळीच्या निबंधावरची. सातओळी म्हणजे कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याचा मुलगा. विषय कुठलाही असो, आयुष्यात त्याने कधी सात ओळींच्या पुढे लिहिलं नव्हतं.

"सात ओळींचा मधला भाग म्हणजे चौथी ओळ," बाई म्हणाल्या. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. "चौथी ओळ अशी आहे: 'मग मी घरी गेलो.' ही लांबली आहे का रे?"

वर्ग हसून हसून लोळला. सातओळीही हसला. बाई हसल्या नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, "कशाला घाबरता?" मग कुणीतरी पुटपुटलं, "भांडणं होतील, बाई." आणखी कुणीतरी, "खरं लिहिलं की मैत्री तुटते." माझे कान तापले होते. मला वाटलं, आता शिक्षा. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुम्हाला पाण्यात ढकललं आणि मी काठावर कोरडी उभी राहिले. पुढच्या शनिवारी माझा निबंध."

शिक्षक स्वतःचा निबंध वर्गात वाचतो, हे आम्ही ऐकलं नव्हतं. बाईंनी वाचला. विषय त्यांची आई. नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिचं खाणंपिणं, तिची औषधं, तिचे शेवटचे दिवस. चांगलं लिहिलं होतं, एकही शब्द जास्तीचा नव्हता. शेवटची ओळ होती, 'ती गेली आणि घर रिकामं झालं.' तीन-चार मुलींनी डोळे पुसले. बाई म्हणाल्या, "लिहा चिठ्ठ्या. नेहमीचेच तीन प्रश्न."

चाळीस चिठ्ठ्यांत बाईंना दुखवण्यासारखं काही नव्हतं. एकेचाळिसावी माझी होती. ती का लिहिली, तर रागाने लिहिली. माझा सूर्य कापला होता ना, आता घ्या. मी लिहिलं, 'शेवटच्या ओळीपाशी थांबले. ते खोटं वाटतं. तुमची आई गेली तेव्हा तुम्हाला आधी सुटल्यासारखं वाटलं असणार. ते तुम्ही लपवलं आहे.' आणि नाव लिहिलं नाही. बाईंनी ती चिठ्ठी इतरांसारखीच मोठ्याने वाचायला घेतली आणि अर्ध्यावर त्या थांबल्या. तरी शेवटपर्यंत वाचली. कागद उलटा करून नाव शोधलं. मग वर्गाकडे पाहिलंसुद्धा नाही, चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि घंटा व्हायच्या आधी निघून गेल्या. छापखान्यात अकरा वर्षं घालवलेल्या बाईला एकेचाळीस मुलांची अक्षरं ओळखता येत नसतील, असं समजण्याइतकी मी बावळट नव्हते. आठवडाभर बाई समोरून येताना दिसल्या की मी वाट बदलायचे.

पुढच्या शनिवारी बाईंनी तोच निबंध नव्याने लिहून आणला. पहिल्याहून अर्धा. त्यातलं मला अजून पाठ आहे, ते असं: 'आई सकाळी सहाला गेली. मी खिडक्या उघडल्या. तिचा कप विसळला. भावाला फोन करायचा होता, पण मी आधी पलंगावर आडवी झाले आणि चार तास झोपले. नऊ वर्षांत मी सलग चार तास झोपले नव्हते. दहा वाजता उठून भावाला कळवलं, की आई आत्ता गेली.'

बाईंनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ज्याने ती चिठ्ठी लिहिली त्याचं बरोबर होतं. फक्त नाव लिहायला हवं होतं. खरं सांगायचं आणि पळून जायचं, हे मला पटत नाही."

त्या दिवसापासून आमचा वर्ग बदलला म्हणजे काय झालं, तर भांडणं झाली. रीतसर. दोन जिवलग मैत्रिणी महिनाभर बोलत नव्हत्या, कारण एकीने दुसरीला लिहिलं होतं, 'तू प्रत्येक निबंधात गरीब माणसावर दया करतेस, पण डबा कुणाला देत नाहीस.' सातओळीने अकरा ओळी लिहिल्या. त्याने कबूल केलं होतं, की दुकानात गिऱ्हाईक नसलं की वळणावर टाचण्या तो स्वतः टाकतो. मोठ्या सरांची स्कूटर त्याच वळणावर दोनदा पंक्चर झाली होती. त्याच्या समोरच्याने चिठ्ठीत विचारलं, 'बाबांना हे माहीत आहे का? ते लिहिलं नाहीस.' पुढच्या शनिवारी सातओळी सुजलेला गाल घेऊन आला आणि अकराच्या चौदा ओळी झाल्या होत्या. त्या शेवटच्या तीन ओळींसाठी सगळ्या वर्गाने बाकं वाजवली. खालून लगेच निरोप आला.

आणि मी? मी अजून सूर्यच उगववत होते. धाडस दुसऱ्याच्या वहीत, स्वतःच्या वहीत शोभेची फुलदाणी. एकदा माझी चार पानं सातओळीकडे गेली. त्याने चिठ्ठीत लिहिलं, 'मी कुठेच थांबलो नाही. चार पानांत थांबावं असं काही आलंच नाही.' खाली ठसठशीत नाव. मला त्याचा गळा धरावासा वाटला. त्याहून वाईट म्हणजे, त्याचं बरोबर आहे हे मला कळत होतं.

बाईंनी वर्गाबाहेरच्या फलकावर आमचे निबंध लावले, शेजारी चिठ्ठ्या टाचल्या, आणि मधोमध स्वतःचा लावला. इथेच ठिणगी पडली. बाईंच्या धाकट्या भावाची मुलगी आमच्याच शाळेत आठवीला होती. तिने आत्याचा निबंध वाचला आणि घरी जाऊन बाबांना सांगितला. आई दहाला गेली असं दोन वर्षं मानणाऱ्या माणसाला कळलं, की आई सहाला गेली होती आणि ताई झोपली होती.

भाऊ तडक मोठ्या सरांकडे गेला. सर संधीची वाटच पाहत होते. दोन दिवसांत सगळं ठरलं. फलक रिकामा झाला. बाईंना एक टंकलेला कागद देण्यात आला, माफीनामा, सरांनी स्वतः तयार केलेला. बाईंनी तो सोमवारी सकाळी सही करून द्यायचा आणि मुलांनी मुलांचे निबंध वाचणं, चिठ्ठ्या, बाकं ओढणं सगळं बंद करायचं. सही केली तर नववीचे तास बाईंकडेच राहतील. नाही केली तर सोमवारपासून नववी गेली, आणि पाचवीचं सुलेखन हाती. ही बातमी आम्हाला शिपाईकाकांनी दिली. आमच्या शाळेत कुठलीही गोष्ट आधी त्यांनाच कळायची.

शनिवार आला. आम्हाला वाटलं, बाई रडतील किंवा निरोपाचं भाषण करतील. बाईंनी बाकं ओढायला लावली. मग तो माफीनामा आम्हाला वाचून दाखवला, सावकाश, एखाद्या मुलाचा निबंध वाचावा तसा. 'माझ्या हातून अनवधानाने असे लेखन झाले, की ज्यामुळे मातेच्या पवित्र स्मृतीस बाधा पोहोचली. विद्यार्थ्यांच्या कोवळ्या मनावर झालेल्या अनिष्ट परिणामाबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे.' असा चार वाक्यांचा मजकूर.

"हा कागद मला सोमवारी द्यायचा आहे," बाई म्हणाल्या. "खरं सांगते, द्यावा असं मला कालपर्यंत वाटत होतं. तुमचे तास मला सोडवत नाहीत. पण आपल्या वर्गातून चिठ्ठ्यांशिवाय कागद बाहेर जात नाही. लिहा."

आम्ही लिहिलं. त्या दिवशी पेनांचा आवाज ऐकू येत होता. चिठ्ठ्या जमा झाल्यावर बाईंनी चाळल्या, आणि मग कातर काढली. आम्ही चमकलो. त्या खालची नावं कापायला लागल्या होत्या. "हे खाली जाईल," त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्रास नको."

सातओळी उभा राहिला. "बाई, नावं राहू द्या."

"अरे, शाळा आहे ही. उगाच तुमच्यावर डूख धरतील."

"धरू द्या की," मागून कुणीतरी म्हणालं. "तुम्हीच म्हणालात, पळायचं नाही. म्हणून तर आमचा गाल सुजला." गाल एकट्या सातओळीचा सुजला होता, पण त्या क्षणी तो सगळ्यांचा झाला होता. बाईंनी कातर खाली ठेवली. एक नाव तोवर कापलं गेलं होतं. त्या मुलीने पुढे येऊन ते पुन्हा लिहिलं, आधीपेक्षा मोठं.

सोमवारी पहिल्या तासाआधी बाई मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. बरोबर सातओळी आणि मी, चिठ्ठ्यांचं पाकीट घेऊन. वर्गाने आम्हाला नेमलं होतं. खोलीत टेबलापलीकडे सर, बाजूच्या खुर्चीत बाईंचा भाऊ. जाड, थकलेला माणूस, हातात रुमाल. मला त्याचा राग करायचा होता, पण त्याचे डोळे बाईंसारखेच होते.

सर म्हणाले, "बाई, सही केलीत?"

"सर, मुलांनी हा लेख नापास केला," बाई म्हणाल्या, आणि आमच्याकडून पाकीट घेऊन टेबलावर ठेवलं. "एकेचाळीस जणांनी. वाचा ना."

सरांनी कपाळाला आठ्या घालत दोन-चार चिठ्ठ्या काढल्या. त्यांचे ओठ हलत होते, त्यामुळे काय वाचतायत ते कळत होतं. 'अनवधानाने या शब्दापाशी थांबलो. बाईंनी दोनदा विचार करून लिहिलं होतं.' 'आमचं मन कोवळं आहे असं लिहिणाऱ्याने आम्हाला विचारलं नाही.' 'लिहिणाऱ्याने हे लपवलं आहे, की तो बाई नाही.' आणि एक वात्रट चिठ्ठी, 'मधला भाग थोडा लांबला आहे.' सरांनी त्या पाकिटात परत कोंबल्या. चेहरा लालबुंद.

"पोरांना पुढे करून तुम्ही..."

"थांबा, सर," भाऊ म्हणाला. तो इतका वेळ फक्त बाईंकडे पाहत होता. "ताई, मला त्या कागदाचं काही नाही. चार तास, ताई. चार तास तू मला कळवलं नाहीस."

"नाही कळवलं."

"मी आलो असतो."

"नऊ वर्षं तुला कळवत होते," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ताप आला, कळवलं. पडली, कळवलं. मला दोन दिवस सुट्टी दे रे, कळवलं. ते चार तास फक्त मी स्वतःसाठी ठेवले. तुला लागलं, त्याचं मला वाईट वाटतं, ते मी तुला घरी येऊन सांगेन, हवं तितक्या वेळा. पण मी झोपले हे लिहिलं, त्याची माफी मी मागणार नाही. तुझीही नाही आणि शाळेचीही नाही."

भावाने रुमाल तोंडावर धरला. मग एकदम म्हणाला, "पण हे लिहायचं तुझ्या डोक्यात घातलं कुणी? आधीचा निबंध बरा होता म्हणतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, आपणही गप्प बसावं, कुणाला काय पत्ता लागतोय. आणि त्याच क्षणी मला स्वतःचा इतका राग आला की तोंडातून निघून गेलं, "मी. ती बिननावाची चिठ्ठी माझी होती."

"तू?" सर म्हणाले. त्यांना विश्वास बसेना. बक्षीस त्यांची लाडकी होती. "तुला काय कळतं गं त्यातलं?"

"आमच्या घरी आजी आहे," मी म्हणाले. "सहा वर्षं झोपूनच. आई करते सगळं. रोज सकाळी आई आजीच्या खोलीत जाते तेव्हा दारात थोडी थांबते. आजीचा श्वास चाललाय का बघते. आणि चाललाय हे कळल्यावर तिचा चेहरा..." बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा हात पहिल्यांदाच पाठीवर आला होता.

सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. सही करताय की नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या. कागद त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवला, पेपरवेटखाली नीट, उडू नये म्हणून.

दुपारपर्यंत वेळापत्रक बदललं. आमच्या शनिवारी एक नवे सर आले, मुद्दे फळ्यावर लिहून द्यायचे आणि मुद्द्यांबाहेर पाऊल टाकलं की गुण कापायचे. आम्ही त्यांचे निबंध लिहिले, कारण पास व्हायचं होतं. पण खरे निबंध मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे वाचले जायचे, चिठ्ठ्यांसकट, नावासकट. दोनदा पकडले गेलो, दोनदा पालकांना बोलावणं गेलं, आणि तिसऱ्यांदा आम्ही जागा बदलली. बाईंना पुढे निवृत्तीपर्यंत नववी मिळाली नाही. दरवर्षी त्या अर्ज करायच्या, दरवर्षी सर तो ठेवून घ्यायचे, आणि त्या पाचवीच्या पोरांकडून बाकं ओढून घ्यायच्या. सुलेखनाला बाकं ओढायची काय गरज, असं विचारलं की म्हणायच्या, उजेड नीट पडत नाही. भाऊ त्यांच्याकडे येऊ लागला होता, असं ऐकलं. आधी वर्षातून दोनदा यायचा, आता महिन्यातून एकदा. बोलायचा कमी म्हणे, पण यायचा.

त्या सोमवारनंतर पंधरा दिवसांनी मी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. आईवर. दोन पानं. त्यात दारात थांबणं होतं, आजीच्या दिवसाला चाळीस हाका होत्या, आणि बाबा पेपर वाचत बसतात तेही होतं. पाचवीच्या वर्गाबाहेर बाईंना गाठलं आणि कागद पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला नाही.

"मला कशाला? मी तुझ्या आईला पाहिलेलंही नाही. ही अशी आहे का, हे मला काय कळणार?"

"मग कुणाला देऊ?"

"तुला माहितीये कुणाला," त्या म्हणाल्या आणि वर्गात गेल्या.

मला माहीत होतं, म्हणूनच मी चार दिवस कागद दप्तरात घेऊन फिरले. पाचव्या दिवशी दुपारी आजीला डोळा लागला होता. आई आतल्या खोलीच्या दारापाशी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मी कागद तिच्यापुढे धरला आणि सांगितलं, वाच, आणि कुठे खोटं वाटलं ते सांग. छान म्हणायचं नाही. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की हिला आता काय झालं. मग उभ्याउभ्याच वाचायला लागली. घडी घातलेली चादर काखेत तशीच. पहिलं पान वाचून झालं. तिने चादर खाली ठेवली. दुसरं वाचायला लागली तेव्हा आतून हाक आली, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच आई लगेच गेली नाही. "आले हो," म्हणाली आणि वाचत राहिली.

शेवटच्या ओळी मी फार विचार करून लिहिल्या होत्या. इतकं सगळं उघडं केल्यावर आईला वाईट वाटू नये म्हणून. 'पण आई कधीच तक्रार करत नाही. तिच्या चेहऱ्यावर सदैव हसू असते.'

"पेन्सिल दे," आई म्हणाली.

मी दिली. तिने कागद भिंतीला टेकवला आणि त्या दोन ओळींवर रेघ मारली. एकदा नाही, दोनदा. कागद फाटेल असं वाटलं.

"हसू कुठे बघितलंस गं तू?" ती म्हणाली. "आणि तक्रार मी करते. रोज करते. मोरीत जाऊन, नळ सोडून. ते लिही."

पेन्सिल तिने परत दिली नाही. भिंतीपाशी उभी राहून ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागली.